सरकारी शाळेसाठी गावातून वर्गणी काढावी का? (आमच्या शाळेचा 10,000 रुपयांचा हिशेब)

दिंडोरीची_माय

नमस्कार मंडळी. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहते. यंदा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले आणि पहिल्यांदाच शाळेची कीर्द उघडून बघितली. पहिली ते चौथी, पट 27, दोन शिक्षक. पट 30 च्या आत असल्यामुळे वर्षाचं शाळा अनुदान 10,000 रुपये. गेल्या वर्षी ते असं गेलं:

वीजबिल 4,300. खडू, डस्टर, हजेरीपट, कागद 1,900. झाडू, फिनेल, साबण 1,450. टाकीची तोटी आणि पाइप 1,200. प्रिंटरची शाई 850. एकूण 9,700. उरले 300.

शेजारच्या अंगणवाडीचे पत्रे गळतात. म्हणून 19 लेकरं आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बसतात. पाऊस तिरका आला की सेविकाबाई सगळ्यांना चौथीच्या वर्गात घेते आणि चौथीची मुलं पाढे थांबवून सरकून बसतात.

आता गावातल्या काही जाणत्या मंडळींचं म्हणणं आहे की घरटी 500 रुपये वर्गणी काढू आणि पत्रे टाकून घेऊ. सप्ताहाला काढतोच की. मला मात्र पटत नाही. आमच्याकडे निम्मी घरं रोजंदारीवर जाणारी आहेत. शिवाय शाळा सरकारची आहे. एकदा गावाने पैसे दिले की पुढल्या वर्षी कोण विचारणार? पण लेकरं भिजतात तेही बघवत नाही. तुम्ही काय केलं असतं?

सातपूरकर

वर्गणी अजिबात नको ताई. माचिसच्या काडीपेटीपासून पेट्रोलपर्यंत सगळ्यावर कर भरतो आपण. रोजंदारीवर जाणारी बाईसुद्धा भरते. तिच्याकडून परत 500 रुपये कशाचे?

इंदिरानगर_बसथांबा

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. 27 मुलांना दोन शिक्षक, म्हणजे पगारावरच वर्षाला किती लाख जातात ते बघा. एवढ्या पैशात तालुक्याला एक चांगली मोठी शाळा, मैदान, ग्रंथालय, प्रत्येक विषयाला शिक्षक आणि घरापासून बस असं होऊ शकतं. 2023 साली समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा सगळे तुटून पडले, पण पानशेतला ते करून दाखवलं आहे. 10,000 चे 20,000 केले तरी 27 मुलांच्या शाळेत एका वर्गातून कबड्डीच्या दोन टीम होत नाहीत.

निवृत्त_हेडमास्तर_निफाड

ताई, कीर्द इथे मांडलीत हे फार चांगलं केलंत. 34 वर्षं नोकरी केली, त्यातली 11 मुख्याध्यापक म्हणून. पैसा कुठून कसा येतो ते सांगतो म्हणजे भांडायचं कुठे ते कळेल.

शाळेत येणारा सगळ्यात मोठा पैसा म्हणजे शिक्षकांचा पगार. तो शालार्थमधून (सरकारची ऑनलाइन पगारप्रणाली) थेट शिक्षकाच्या खात्यात जातो, शाळेच्या हातातून जात नाही. दुसरा पैसा समग्र शिक्षाचा. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिकची योजना एकत्र करून ही योजना झाली. त्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. तुमचे 10,000 याच योजनेतले. पट 30 पर्यंत 10,000, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000, 1,000 पर्यंत 75,000 आणि त्यावर एक लाख, असा तक्ता ठरलेला आहे. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा, तो तुम्ही केलेला दिसतोय.

आता गोम बघा. वर्गात 27 मुलं असोत की 57, बल्ब तेवढाच जळतो. टाकीची तोटी एकच असते आणि छप्परही तेवढंच असतं. खर्च इमारतीवर होतो आणि पैसे मात्र डोकी मोजून मिळतात. 30 वरून 31 वा मुलगा आला की 10,000 चे 25,000 होतात. माझ्या एका शाळेत एक कुटुंब ऊसतोडीला गेलं, तीन मुलं कमी झाली आणि पट 29 वर आला. त्या वर्षी मी विजेचं बिल खिशातून भरलं.

दुसरं दुखणं वेळेचं. शाळा जूनमध्ये उघडते, पैसे बऱ्याचदा जानेवारी-फेब्रुवारीत दिसतात आणि 31 मार्चच्या आत खर्ची टाकायचे असतात. पूर्वी निदान शाळेच्या खात्यावर शिल्लक राहायची. आता खातं शून्य शिलकीचं, ठरवून दिलेली खर्चाची मर्यादा वापरली नाही तर ती परत जाते. म्हणून मार्चमध्ये शाळाशाळांत एकदम रंगाचे डबे येतात आणि पावसाळ्यात पत्र्याला पैसे नसतात.

घाटमाथा_इगतपुरी

@इंदिरानगर_बसथांबा, बस म्हणता, रस्ता बघितलाय का? आमच्या तालुक्यातल्या दरेवाडीची गोष्ट सांगतो. भाम धरणात जमिनी गेलेल्या लोकांची वस्ती. तिथली शाळा बंद करून मुलांना लांबच्या शाळेत जायला सांगितलं. ऑक्टोबर 2022 मध्ये ती पोरं शेळ्या-मेंढ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली. घोषणा काय होती आठवतंय? "दप्तर घ्या, बकऱ्या द्या!" शाळा देणार नसाल तर निदान वळायला बकऱ्या तरी द्या, असं दुसरी-तिसरीतलं पोर म्हणतंय. त्र्यंबक रोडवर त्या दिवशी ते बघून माझ्या घशात आवंढा आला होता.

लांबची शाळा परवडते ती मुलाला, मुलीला नाही. ओढ्याला पाणी आलं की पहिलं नाव मुलीचं कमी होतं.

इंदिरानगर_बसथांबा

दरेवाडीचं मला माहीत आहे आणि ते चुकलंच होतं. मी डोंगरातल्या वस्तीबद्दल बोलत नाही. निफाड-दिंडोरीत डांबरी रस्त्यावर दोन-दोन किलोमीटरवर 15 पटाच्या शाळा आहेत, त्यांच्याबद्दल बोलतोय. दोन्हीला एकच नियम लावायचा का?

निवृत्त_हेडमास्तर_निफाड

हा प्रश्न बरोबर आहे. नियम अंतरावर हवा, नुसत्या पटावर नको. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा धरली आहे, ती सहा वर्षांच्या मुलाच्या पायाचा विचार करून.

द्राक्षबाग_पिंपळगाव

पटाचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. आमची द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात. डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), मग काढणी, असे मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. बरोबर लेकरं असतात. पट मोजतात 30 सप्टेंबरचा, तेव्हा ती लेकरं त्यांच्या गावच्या शाळेत असतात. दिवाळीनंतर आमच्या शाळेत बसतात, खिचडी खातात, पण अनुदान आणि शिक्षक ठरवताना आमच्याकडे मोजली जात नाहीत. गावाकडे मोजली जातात, तर तिथे बाकं रिकामी.

आमच्या बागेवर मागच्या वर्षी एक सहा वर्षांची मुलगी होती. गुरुजी मोटरसायकलवर येऊन तिला शेडवरून घेऊन जायचे. निघताना ती वहीत घडाचं चित्र काढून गेली, प्रत्येक मणी वेगळा. आता यंदा ती येईल का आणि आली तर कितवीत बसेल, काही कळत नाही.

वर्गणीबद्दल: आमच्या गावाने काढली होती. दीड लाख जमले, डिजिटल वर्ग केला, रंगरंगोटी केली. मला तरी त्यात वावगं वाटत नाही. आपल्या पैशातून झालं म्हणून आता गाव शाळेकडे लक्ष देतं.

घाटमाथा_इगतपुरी

दादा, तुमच्या गावात द्राक्ष आहे म्हणून दीड लाख जमले. पेठच्या पाड्यावर वर्गणी काढली तर नागली जमेल. हेच तर म्हणतोय. लोकसहभागावर सोडलं की जिथे पैसा तिथे शाळा चकाचक आणि जिथे गरज तिथे गळकी.

द्राक्षबाग_पिंपळगाव

हे मान्य. असा विचार केला नव्हता.

सेविका_सुरगाणा

सगळे शाळेबद्दल बोलता, ताईंच्या पोस्टमध्ये व्हरांड्यातली 19 लेकरं आहेत त्यांच्याबद्दल कोणीच नाही. म्हणून लिहिते. 16 वर्षं अंगणवाडी चालवते.

एका लेकराच्या आहाराला दिवसाला 8 रुपये. अतितीव्र कुपोषित असेल तर 12. हा दर 2017 पासूनचा. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. ताईंची 19 लेकरं म्हणजे दिवसाचे 152 रुपये. त्यात सकाळचा नाश्ता आणि दुपारचं गरम जेवण. तेलाचा पुडा काय भावाने येतो ते घरात सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पोषण आहाराचा दर निदान वाढत तरी राहतो. मे 2025 पासून पहिली ते पाचवीला 6 रुपये 78 पैसे झाला, तांदूळ वेगळा. आमचा 8 वर बसलेला तो बसलेलाच.

आमच्या मानधनाचं सांगायचं तर केंद्राने 2018 मध्ये सेविकेचं 4,500 केलं, तेही 60-40 च्या हिश्शाने. वरचं राज्य देतं. 2023 मध्ये राज्याने 8,325 चे 10,000 केले, पुढे अजून वाढलं. ते वाढलं कसं? 4 डिसेंबर 2023 पासून आम्ही संपावर बसलो, जवळजवळ दोन महिने. थंडीत. मी माझ्या अंगणवाडीच्या कुलपाची किल्ली पदराला बांधून बसले होते. घरी आले की पाड्यावरची लेकरं विचारायची, बाई खिचडी कधी. त्या प्रश्नाला उत्तर देता येत नव्हतं, तेच सगळ्यात जड गेलं.

आम्हाला कर्मचारी म्हणत नाहीत, मानसेवी म्हणतात. ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये सांगितलं, गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात.

सकाळी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी, फोटो, वजन, उंची. माझ्या पाड्यावर रेंज नाही. मागच्या टेकाडावर आंब्याच्या झाडाखाली एक दगड आहे, तिथे उभं राहिलं की दोन काड्या येतात. तिथून माहिती भरून खाली येईपर्यंत मदतनीस लेकरं सांभाळते. मग शिकवायचं कधी? तीन ते सहा वर्षांचं शिक्षण म्हणजे गाणी, मणी ओवणं, गोष्ट, मातीत खेळणं. त्याला बाई लेकरांजवळ लागते.

बालवाडी_गंगापूररोड

सेविकाताई, तुमचं वाचून थांबले काही वेळ. मी शहरात खासगी बालवाडीत शिकवते. आमच्याकडे 20 मुलांमागे एक ताई आणि एक मावशी, लाकडी साधनं, वाळूचा हौद. पालक वर्षाला पन्नास हजारांच्या वर भरतात.

आणि मुळात अंगणवाडी हा शब्द, ही कल्पना आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, हा तो विचार. महागडी साधनं नव्हती. बिया, पानं, शंख, काड्या. त्यांनी वारल्यांच्या मुलांसाठी जे केलं ते नंतर 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजनेत देशभर गेलं, पण आहार आणि लसीकरण पुढे राहिलं आणि शिकणं मागे पडलं.

मेंदूची सर्वांत जास्त वाढ पहिल्या सहा वर्षांत होते असं सगळेच म्हणतात आणि पैसे द्यायची वेळ आली की याच वयाला हात आखडतात.

वकीलीण_नाशिकरोड

याचं कारण कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. हक्क आहे तो 6 ते 14 वर्षांच्या मुलाला. तीन ते सहाबद्दल कलम 11 आहे, पण त्यात सरकार व्यवस्था 'करू शकेल' असं आहे, 'करील' असं नाही. एका क्रियापदाचा फरक. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा पायाभूत टप्पा सांगितला, पण धोरण घेऊन कोर्टात जाता येत नाही.

थोडं विषयांतर: ज्यांना वाटतं की खासगी शाळेतल्या वंचित-गरीब मुलांसाठी राखीव 25 टक्के जागांमुळे प्रश्न सुटेल, त्यांच्यासाठी. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती दुरुस्ती रद्द केली. चांगलंच झालं. तरीही तुमच्या गावात खासगी शाळाच नसेल तर त्या 25 टक्क्यांचा उपयोग काय?

सातपूरकर

माझ्या भावाचा मुलगा याच 25 टक्क्यांतून लागला. त्या शाळेला सरकार मुलामागे 17,670 रुपये देतं म्हणे. आणि ताईंच्या शाळेला 10,000 भागिले 27, म्हणजे एका मुलामागे 370 रुपये? हा काय न्याय झाला?

हिशेबनीस_सिडको

सातपूरकर, तुलना अशी करता येणार नाही. 17,670 मध्ये पगारासकट सगळा खर्च धरलेला असतो. 370 हा पगार, पुस्तकं, गणवेश आणि आहार सोडून उरलेला आहे. सगळं मिळवलं तर सरकारी शाळेतल्या मुलामागचा खर्च कितीतरी जास्त निघेल. म्हणून इंदिरानगरवाले म्हणतात तेही आकड्यात खोटं नाही. पण पगारावर लाखो खर्च करून त्याच शिक्षकाला खडूला पैसे नसतील तर ते लाखोही वाया जातात.

आता ताईंच्या कामाचं. मी लेखा विभागात होतो, त्यामुळे पैसे कुठे पडून असतात ते ठाऊक आहे.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. अंगणवाडी त्यातच येते. घरपट्टी-पाणीपट्टी किती जमली आणि त्यातले 10 टक्के कुठे गेले हे ग्रामसभेत विचारा. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला येतो. पंधराव्या आयोगात (2021-26) 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, 40 टक्के अबंधित होता. टाकी, नळ, शौचालय बंधितमध्ये बसवा, पत्रे अबंधितमध्ये. मात्र गावाच्या विकास आराखड्यात काम लिहिलेलं हवं, नाहीतर ग्रामसेवक हात वर करतात. तुमचं गाव पेसात (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) असेल तर 5 टक्के अबंध निधी वेगळा.

हे पैसेही सरकारचेच, म्हणजे तुमचेच आहेत. वर्गणीच्या आधी हे संपवा.

दिंडोरीची_माय

हिशेबनीस दादा, हे लिहून घेतलं. 10 टक्क्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. सरपंचबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी त्या पैशातून हळदीकुंकवाचा कार्यक्रम आणि शिवणयंत्र घेतलं.

खिचडीवाली_मावशी_यांचा_मुलगा

माझी आई शाळेत स्वयंपाक करते. महिन्याला 2,500. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला अंडं द्यायचं ठरलं तेव्हा आई जाम खूश होती, पोरं अंड्याच्या दिवशी एकही गैरहजर नसायची. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचे पैसे राज्याने थांबवले आणि द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. वर्गणीचा विषय निघाला म्हणून सांगितलं. पत्र्यापर्यंत नाही, अंड्यापर्यंत आलाय तो.

घाटमाथा_इगतपुरी

👆 हेच. आज अंडं, उद्या खडू.

त्र्यंबकचा_गुरुजी

उशिरा आलो, सगळं वाचलं. मी पाड्यावर शिकवतो. आमच्या तालुक्यातली हिवाळीची शाळा सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली असेल, वर्षाचे 365 दिवस चालणारी, मुलं दोन्ही हातांनी लिहिणारी. अभिमान आहेच. पण ती दाखवून मला प्रत्येक बैठकीत विचारतात, त्यांना जमतं मग तुम्हाला का नाही? एका शिक्षकाने जन्म ओतला म्हणून जे झालं ते व्यवस्थेचं माप कसं होईल? मलाही मुलं प्रिय आहेत. पण माझ्याकडे पहिली ते चौथी एकट्याकडे आहे आणि त्यात ऑनलाइन माहिती भरणं.

ताई, वर्गणीबद्दल माझं मत: पैसा घेऊ नका, हात घ्या. सरकारकडून पत्रे घ्या आणि चढवायला गाव बोलवा.

इंदिरानगर_बसथांबा

गुरुजींची गोष्ट पटली. माझी बाजू सोडत नाही, पण ज्या शाळा राहणारच आहेत त्यांना पटाचा विचार न करता किमान 25,000 तरी मिळालेच पाहिजेत. यावर सगळ्यांनी मिळून निवेदन दिलं तर माझी सही धरा.

बालवाडी_गंगापूररोड

ताई, पत्त्याचं व्यनिमध्ये (खासगी निरोपात) कळवाल का? पैसे देणार नाही, घाबरू नका 🙂 एक रविवार येऊन सेविकाबाईंबरोबर बिया-काड्यांची साधनं करायची इच्छा आहे.

दिंडोरीची_माय

मंडळी, 2 ऑक्टोबरची ग्रामसभा झाली. सविस्तर लिहिते.

मी कीर्द घेऊन गेले आणि 9,700 चा हिशेब उभं राहून वाचला. आमच्या ग्रामसभेत बाया मागे बसतात. पण वीजबिलाचा आकडा वाचल्यावर मागूनच एक आजी बोलली, "देवळाचं बिल पंचायत भरते, मग शाळेचं का नाही?" त्यानंतर कोणाला काही बोलायला जागा राहिली नाही. शाळेचं आणि अंगणवाडीचं वीजबिल यापुढे ग्रामपंचायत भरणार, ठराव झाला.

10 टक्क्यांतले या वर्षाचे पैसे अंगणवाडीच्या पत्र्यांना. उरलेली फरशी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घातली आहे, पानावर सही घेऊनच उठले. घरटी वर्गणी काढायची नाही असं ठरलं. गुरुजी म्हणाले तसं पत्रे चढवायला रविवारी गाव येणार. किमान अनुदानाचं निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लिहिलंय, समितीच्या सगळ्या आयांच्या सह्या झाल्या. चौघींनी अंगठा दिला. शहरातल्या ज्यांना सही करायची त्यांनी कळवा.

पत्रे मोजले, नऊ लागतात, आठ फुटी. सेविकाबाई लेकरांना पत्र्यावरचा पाऊस ऐकवणारं गाणं शिकवतेय आत्तापासून.

द्राक्षबाग_पिंपळगाव

ताई, पत्र्याचे ‘J’ हुक घेताना डांबराचे वायसर मोजून घ्या, दुकानदार कमी देतात. त्याशिवाय भोकातूनच गळतं. शिडी आणि ड्रिल मशीन माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी आठला पोचतो.